फुटबॉलने पोट भरते का?

(बोदवड येथे युवक व पालकांसाठी योजलेल्या व्याख्यानमालेत एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत इतिहास, अध्यात्म, शेती असे विषय असताना फुटबॉल कोठून आला, असा प्रश्न अनेकांच्या मनात असेल. तो विषय मी मागून घेतला. त्याचे कारण एका वडिलांनी विचारलेला प्रश्न हे आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच भागातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. जिनिंगमध्ये काम करणारा हा माणूस. हातात मुलाच्या शाळेची प्रमाणपत्रे होती. मुलगा चौदा वर्षांचा, आंतरशालेय स्पर्धेत चमकलेला. ते म्हणाले, ''सर, पोरगं चांगलं खेळतं असं सगळे म्हणतात. पुण्याला पाठवा म्हणतात. मला एवढंच सांगा, ह्याच्यानं पोट भरतं का?'' मी त्यांना म्हटले, ''भाऊ, मला थोडे दिवस द्या.'' त्यांना नवल वाटले. क्रीडाशिक्षकाने अशा वेळी पाठीवर थाप मारून 'पाठवा' म्हणायचे असते. मी तसे म्हणालो नाही, कारण एकदा तसे म्हणून मी चुकलो आहे.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक विद्यार्थी होता. डावा पाय असा, की कोपऱ्यावरून मारलेला चेंडू हवेत वळून गोलाच्या तोंडाशी यावा. मुंबईतील एका कंपनीच्या संघाने त्याला करारावर घेतले. तो महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होता. परीक्षा आणि शिबिर एकाच महिन्यात आले. त्याने मला विचारले, ''सर, काय करू?'' मी म्हणालो, ''परीक्षा पुन्हा येईल, संधी येणार नाही.'' चार वर्षांनी त्या कंपनीने संघ बंद केला. त्याच हंगामात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. पंचविशीत तो एक बॅग घेऊन परत आला. आज तो मालवाहू गाडी चालवितो, संसार नेटाने करतो. त्याने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

म्हणून आज मी त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आपणा सर्वांसमोर देणार आहे. ते देण्यासाठी फुटबॉलपटू पोट कसे भरतो आणि ज्या क्लबच्या जिवावर तो ते भरतो, तो क्लब स्वतः कशावर उभा असतो, हे पाहावे लागेल.

कापूस आणि चेंडू

आपल्याला वाटते, फुटबॉलचा आणि खानदेशाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हा हिंदुस्थानातील कापसाला, आणि त्यात खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला, अचानक सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आपल्या दारावरून भुसावळ-नागपूर लोहमार्ग गेला. आपल्या काळ्या मातीतील बोंडे गाड्यांत भरून मुंबईला आणि तेथून बोटीने लँकेशायरला गेली.

त्याच लँकेशायरच्या गिरणीगावांत धंदेवाईक फुटबॉल जन्माला आला. इंग्लंडमधील कारखाना कायद्यांमुळे गिरणी कामगारांना शनिवारी दुपारी सुटी मिळू लागली होती. ती दुपार मैदानावर जाऊ लागली. १८८३ साली 'ब्लॅकबर्न ऑलिंपिक' नावाच्या संघाने एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात 'ओल्ड इटोनियन्स' या उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला २-१ असे हरविले. एकीकडे सरदार-जमीनदारांची मुले आणि दुसरीकडे विणकर व कारागीर! त्या दिवसापासून चषक श्रमिकांच्या हाती गेला.

पण श्रमिकाला खेळायचे तर मजुरी बुडते. ती कोणी भरून द्यायची? क्लब ती चोरून देऊ लागले. फर्गस सूटर नावाचा एक स्कॉटिश पाथरवट लँकेशायरमध्ये आला. इंग्लंडचा दगड फार कठीण आहे, असे कारण सांगून त्याने छिन्नी खाली ठेवली आणि तो फुटबॉल खेळू लागला. डारवेनहून तो शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये गेला, तेव्हा दोन गावांत वैर पेटले. अखेर जुलै १८८५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने खेळाडूला वेतन देण्यास मान्यता दिली. १८८८ साली बारा क्लबांची पहिली साखळी स्पर्धा सुरू झाली. त्या बारांपैकी सहा क्लब एकट्या लँकेशायरचे होते.

आता या कथेचा दुसरा भाग ऐका. ज्या ब्लॅकबर्न ऑलिंपिकने इतिहास घडविला, तो क्लब १८८९ साली, म्हणजे विजयानंतर अवघ्या सहा वर्षांत बंद पडला. वेतन देण्याची ऐपत उरली नाही. त्याच गावातील ब्लॅकबर्न रोव्हर्स मात्र १८७५ पासून आजपर्यंत उभा आहे. एकाच गावातील दोन क्लब. एक स्मृतीत, एक मैदानात. विजय मिळविणे आणि टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संस्था चालविणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे वाक्य मनावर कोरून ठेवावे.

अनवाणी पाय

आता आपल्या देशात येऊ. कोलकात्यात नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नावाचा तरुण होता. भारतीयांच्या फुटबॉलचा आद्यपुरुष म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याच्या क्लबात एका कुंभाराच्या मुलाला घेण्यास काही सभासदांनी जातीवरून हरकत घेतली. नगेंद्रप्रसादांनी त्या सभासदांची मनधरणी केली नाही. त्यांनी क्लबच मोडला आणि सर्वांना प्रवेश देणारा 'शोभाबाजार' क्लब काढला. याच शोभाबाजारने १८९२ साली ट्रेड्स कप स्पर्धेत ईस्ट सरे या गोऱ्या पलटणीच्या संघाला हरविले. समरसतेवर आपण पुष्कळ बोलतो. मैदानावर ती अशी आचरावी लागते. ज्याला पास द्यायचा, त्याची जात विचारायला वेळ नसतो.

१८८९ साली, ज्या वर्षी ब्लॅकबर्न ऑलिंपिक बंद पडला, त्याच वर्षी १५ ऑगस्टला कोलकात्यात मोहन बागान क्लब स्थापन झाला. २९ जुलै १९११ रोजी या क्लबने आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे पराभूत केले. कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले. बूट घालणारे एकटे सुधीर चॅटर्जी. वंगभंगाच्या जखमा ओल्या असताना हा विजय आला. शील्ड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. आजही बागानचे चाहते २९ जुलै हा दिवस उत्सवासारखा साजरा करतात.

त्या अकरा जणांना खेळाचे वेतन नव्हते. ते नोकरी करीत, शिकवीत, शिकत आणि सायंकाळी खेळत. खेळाडू बदलत गेले, पण क्लब राहिला. २०२० साली त्याने एका नव्या भांडवली क्लबशी हातमिळवणी केली, नावाला नवे शेपूट जोडले गेले. आपल्या क्लबच्या नावापुढे दुसरे नाव लागले म्हणून सभासद व चाहत्यांनी आंदोलन केले आणि २०२३ मध्ये ते नाव काढावे लागले. पैसा देणाऱ्यालाही जेथे लोकांचे ऐकावे लागते, ती संस्था लोकांची असते.

येथे स्वामी विवेकानंदांची आठवण होणे साहजिक आहे. गीतेच्या अध्ययनापेक्षा फुटबॉलने तरुण स्वर्गाच्या अधिक जवळ जाईल, या आशयाचे त्यांचे मत सर्वत्र सांगितले जाते. परंतु ते अर्धेच सांगितले जाते. दंडात बळ आल्यावर गीता अधिक चांगली समजेल, हा त्यांच्या म्हणण्याचा उत्तरार्ध आहे. खेळ की अभ्यास, अशी निवड त्यांनी सांगितली नव्हती. मी माझ्या विद्यार्थ्याला जे सांगितले ते या अर्ध्या वाक्यावर सांगितले, ही माझी चूक.

नोकरीचा संघ

आपल्या महाराष्ट्राची राजधानी मुंबई ही देशातील फुटबॉलची एक जुनी पंढरी. १८९१ पासून तेथे रोव्हर्स चषक स्पर्धा होत असे. कूपरेजच्या मैदानावर देशभरातील संघ येत. मुंबईचे वैशिष्ट्य असे, की येथील बलाढ्य संघ बहुतांशी कंपन्यांचे व आस्थापनांचे होते : टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे. खेळाडूला नोकरी मिळे. तो सकाळी सराव करी, दुपारी कार्यालयात बसे.

या व्यवस्थेने मोठी माणसे दिली. नेव्हिल डिसूझा हे त्यांतले एक. गोव्यात जन्मलेला, मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळलेला हा आघाडीपटू. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले, त्यात तीन गोल एकट्या नेव्हिल यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची मालिका करणारे ते पहिले आशियाई. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. त्यानंतर आजपर्यंत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आपण तेथवर पोहोचलेलो नाही.

दुसरे नाव रेल्वेचे. आपण भुसावळच्या शेजारचे, तेव्हा हे आपल्याला जवळचे वाटेल. पी. के. बॅनर्जी हे भारताचे थोर आघाडीपटू. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते संघनायक होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे दोन्ही मोठे क्लब असताना ते कारकीर्दीचा बहुतांश काळ ईस्टर्न रेल्वेकडूनच खेळले. १९५८ साली त्यांच्या त्या संघाने कोलकाता लीगचे विजेतेपद मिळविले. पुढे ते प्रशिक्षक म्हणून दोन्ही मोठ्या क्लबांचे आधारस्तंभ ठरले. नोकरीने त्यांना स्थैर्य दिले आणि खेळाने नाव दिले.

पण या व्यवस्थेचा पाया एका कागदावर उभा असतो. कंपनीच्या संचालक मंडळाने एक ठराव केला, की संघ संपतो. महिंद्रचा संघ १९६२ साली सुरू झाला. २००५-०६ मध्ये 'महिंद्र युनायटेड' राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. फेडरेशन चषक आणि ड्युरँड चषकही त्याने जिंकले होते. २०१० साली, शालेय फुटबॉलवर लक्ष द्यायचे या कारणाने तो बंद करण्यात आला. पंजाबात फगवाड्याच्या जे. सी. टी. गिरणीचा संघ १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. सुनील छेत्री हा आपला महान खेळाडू उमेदीची वर्षे तेथे खेळला. तो संघ २०११ मध्ये बंद झाला. पुणे एफ. सी. २००७ मध्ये आला, २०१२-१३ मध्ये देशात दुसरा आला आणि २०१५ मध्ये मिटला. त्यानंतरचा एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये मिटला. मुंबई एफ. सी. चीही तीच गत झाली.

यात कोणा उद्योगपतीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. वर्षानुवर्षे पदरचे पैसे घालणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु जे दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, ते त्याच्या मर्जीने थांबते. २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या लीगच्या संयोजकांनी, हक्कांचा करार संपत आल्याने, पुढचा हंगाम स्थगित ठेवल्याचे कळविले आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले. राष्ट्रीय संघातील खेळाडूंनाही तेव्हा उद्याची खात्री नव्हती. मग गावाकडच्या मुलाने ती कोठून आणायची?

गोवा आणि कोल्हापूर

फुटबॉलचे खरे घर पाहायचे तर गोव्यात जावे. तेथे देवळाच्या जत्रेइतकीच गावच्या सामन्याला गर्दी होते. धेंपे, साळगावकर, वास्को, चर्चिल ब्रदर्स ही नावे तेथे घराघरांत आहेत. धेंपे क्लबने २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या काळात कोलकात्याच्या दिग्गजांनाही जे जमले नाही ते या लहान राज्यातील क्लबने केले.

गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे गोलरक्षक मला विशेष आदरणीय वाटतात. ते दीर्घ काळ साळगावकर क्लबकडून खेळले, गोव्याला संतोष चषक मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि भारताचे कर्णधारही झाले. १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री त्यांना मिळाली. गोलरक्षकाचे जीवन मोठे विलक्षण असते. नव्वद मिनिटांत त्याने आठ गोल वाचविले तरी लोकांच्या लक्षात राहतो तो सुटलेला नववा. शिक्षकाचेही तसेच असते, हे मी अनुभवाने सांगतो.

पण २०१६ साली धेंपे, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. वरच्या स्पर्धेत आपल्याला जागाच ठेवली नाही, ही त्यांची व्यथा होती. असे असूनही गोव्यातील फुटबॉल संपला नाही, कारण तो फक्त मोठ्या क्लबांवर अवलंबून नव्हता. तो वाड्यावाड्यांत होता. धेंपे पुढे राष्ट्रीय स्पर्धेत परतलाही.

आपल्या महाराष्ट्रात हे चित्र पाहायचे असेल तर कोल्हापूरला जा. कुस्तीच्या तालमींनीच तेथे फुटबॉल उचलला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ही कोल्हापूरच्या संघांची नावे आहेत. तेथील शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला म्हणजे आजोबा, बाप आणि नातू एकाच रांगेत बसतात. तेथेही सारे आलबेल नाही. ईर्ष्येपायी मैदानाबाहेर हाणामाऱ्या होतात, त्यामुळे स्पर्धेला गालबोट लागते. तो दोष आपण घेऊ नये. घ्यायचे ते एवढेच, की तालमीचा क्लब कोणा संचालक मंडळाच्या ठरावाने बंद होत नाही. पेठ आहे तोवर तालीम आहे.

याच कोल्हापूरच्या मातीतून अनिकेत जाधव पुढे आला. वडील रिक्षाचालक. पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत तो घडला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पुढे देशातील मोठ्या क्लबांकडून खेळताना २०१९ मध्ये त्याला तीन महिन्यांच्या सरावासाठी इंग्लंडला जायला मिळाले. आणि कोणत्या क्लबात? आपल्या कापसाच्या त्याच गावात, ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये!

ब्लॅकबर्नचा मालक पुण्याचा

हे कसे घडले? नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या 'वेंकीज' या कुक्कुटपालन उद्योगाने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. ज्या गावाने कधी काळी आपला कापूस घेतला, त्या गावाचा क्लब महाराष्ट्रातील उद्योगाने घ्यावा, यात काळाचा न्याय आहे असे आपल्याला क्षणभर वाटते. पण पुढचेही ऐकावे.

याआधी त्या क्लबचे मालक जॅक वॉकर होते. ते ब्लॅकबर्नचेच सुपुत्र, पोलादाच्या व्यवसायात धनवान झालेले. त्यांच्या काळात १९९४-९५ मध्ये रोव्हर्सने इंग्लंडचे विजेतेपद मिळविले. पुण्याच्या मालकांच्या काळात २०१२ साली क्लब वरच्या श्रेणीतून घसरला आणि २०१७ साली तिसऱ्या श्रेणीत गेला. २०१८ मध्ये तो एक पायरी वर आला. मालकांनी मोठी रक्कम ओतून क्लब जिवंत ठेवला, हेही खरे. तरी गावकऱ्यांनी निदर्शने केली. एकदा तर सामना चालू असताना कोणी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. त्यांच्या संतापाचे मूळ एकच : आमच्या क्लबचे निर्णय हजारो मैलांवरून होतात. या प्रसंगी मालक आपला आणि गाव परक्याचे. तरी न्यायाने पाहिले तर गावाचे दुःख आपल्याला कळायला हवे. आपल्या गिरण्यांचे, आपल्या पिकाचे भाव दूरदेशी ठरत, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना हेच वाटत होते.

त्याच लँकेशायरमध्ये बरी नावाचे गाव आहे. तेथील क्लब १८८५ चा, दोनदा एफ. ए. चषक जिंकलेला. २०१९ साली मालकांच्या आर्थिक गोंधळामुळे त्याला साखळी स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. एकशे चौतीस वर्षांचा वारसा एका दिवसात दारात आला. तेव्हा गावातील लोकच पुढे झाले. त्यांनी वर्गणी काढून नवा क्लब उभा केला आणि खालच्या श्रेणीपासून पुन्हा सुरुवात केली.

त्या वडिलांना उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फुटबॉलने पोट भरते का? भाऊ, आपण सभागृहात आहात, मी आपल्याकडे पाहूनच बोलतो.

भरते, पण थोड्यांचे आणि थोडी वर्षे. फुटबॉलपटूची कारकीर्द साधारणतः विशीत बहरते आणि तिशी ओलांडल्यावर उतरणीला लागते. सुनील छेत्री वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत देशाकडून खेळला आणि निवृत्तीनंतर पुन्हा परतला, हा अपवाद आहे. अपवादावर घर बांधू नये. करार ठरावीक मुदतीचा असतो. गुडघा, घोटा, मांडीचा स्नायू यांपैकी एक जरी दगा देऊन गेला तरी हंगाम जातो. तेव्हा मुलाला जरूर पाठवा, परंतु तीन अटींवर.

पहिली अट : शिक्षण सुटता कामा नये. दहावी-बारावी आणि पदवी, बाहेरून का होईना, पूर्ण व्हावी. जेथे सरावाबरोबर शाळेची सोय आहे तेथेच पाठवा. कोणी शिक्षक म्हणाला की 'परीक्षा पुन्हा येईल', तर त्याचे ऐकू नका; तो शिक्षक मी असलो तरी.

दुसरी अट : करार वाचल्याशिवाय सही नको. मुदत किती, दुखापत झाल्यास उपचार कोणाच्या खर्चाने, संघ बंद झाल्यास उरलेल्या वेतनाचे काय, या तीन गोष्टी लेखी विचारा. आपल्या गावात वकील आहेत, ते यासाठी पैसे घेणार नाहीत, अशी मी येथेच त्यांना विनंती करतो. दलालाला आगाऊ पैसे तर कदापि देऊ नका.

तिसरी अट : खेळानंतरचे जीवन खेळत असतानाच शिकावे. प्रशिक्षकाचे परवाने, पंचाची परीक्षा, शारीरिक शिक्षणाची पदवी, हे सर्व मार्ग आहेत. मुंबईच्या मैदानांवर महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेले खालिद जमील पाहा. दुखापतींनी त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द आखूड केली. ते प्रशिक्षक झाले. २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉल या लहानशा क्लबला त्यांनी राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवून दिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. ज्या क्लबांत ते खेळले ते मिटले. जे ते शिकले ते मिटले नाही.

या अटी त्या वडिलांसाठी झाल्या. आता एक अट आपल्या सर्वांसाठी. मुलगा गेला आणि यशस्वी झाला तर आपण स्टेशनवर हार घेऊन जाऊ. पण तो पंचविशीत बॅग घेऊन परत आला तर? त्याला येण्याजोगी जागा गावात आहे काय? माझ्या विद्यार्थ्याला ती नव्हती. त्याचा डावा पाय, त्याचे ज्ञान, चार वर्षांचा अनुभव, सारे स्टीअरिंगच्या मागे वाया गेले. त्यात त्याच्या गुडघ्याइतकाच आपलाही दोष आहे.

म्हणून मला बोदवडला एक क्लब हवा आहे. स्टेडियम नको. पाण्याची आपली ओढाताण सर्वांना ठाऊक आहे. हिरवळीचे मैदान आपल्याला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. रोलर फिरविलेले, दगडगोटे वेचलेले मातीचे मैदान पुरे. पूर्ण मैदान साधारण शंभर मीटर लांब लागते. मुलांना त्याच्या निम्म्यातही शिकता येते. चेंडू सहा-सात, आणि एक माणूस, जो रोज सायंकाळी साडेपाचला तेथे उभा असेल, पाऊस असो वा लग्नसराई. शाखा असो, तालीम असो वा भजनी मंडळ असो, वेळ पाळणाऱ्या एका माणसावरच ती उभी राहते, हे येथे बसलेल्यांना मी सांगण्याची गरज नाही.

आणि एक नोंदवही हवी. हसू नका, ही महत्त्वाची गोष्ट आहे. मुलगा कोणत्या वर्षी कोणत्या क्लबात शिकला याची अधिकृत नोंद असेल, तर तो पुढे मोठ्या क्लबात गेल्यावर त्याला घडविणाऱ्या क्लबलाही वाटा मिळावा, असा आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम आहे. खेळाडूच्या हस्तांतराच्या रकमेतील पाच टक्के त्याच्या बारा ते तेवीस वर्षे वयात त्याला शिकविणाऱ्या क्लबांत वाटले जातात. नोंदणीच नसेल तर मुलगा आपला आणि वाटा दुसऱ्याचा. तेव्हा जिल्हा संघटनेकडे रीतसर नोंदणी, जन्मदाखल्यासह मुलांची यादी आणि वर्षाचा हिशेब, हे पहिल्या दिवसापासून ठेवावे. हिशेब सर्वांना पाहता येईल असा फलकावर लावावा. वर्गणी कोणा एका धनिकाची नको. शंभर घरांची शंभर रुपयांप्रमाणे असावी. एक खांब गेला तर मांडव पडू नये.

मुलींना त्यात वेगळी वेळ नव्हे, समान वेळ द्यावी. जुलै २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळविली. आपल्या लेकी शेतात, शाळेत, सायकलवर मैल-मैल पाय चालवितात. चेंडू त्यांना जड नाही.

शेवटी एक सांगतो आणि थांबतो. या व्याख्यानाची तयारी करताना मी माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. पंचवीस वर्षांत प्रथमच मी त्याला म्हणालो, ''तेव्हा मी चुकलो.'' तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ''सर, मीपण ऐकलं नसतं तर?'' मी त्याला सायंकाळच्या मैदानावर येशील का, असे विचारले. तो म्हणाला, ''गुडघा दुखतो.'' मी म्हटले, ''शिकवायला गुडघा लागत नाही.'' त्याने हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही. रविवारी गाडीला फेरी नसली तर पाहतो, एवढेच म्हणाला.

शिरसाळ्याच्या मारुतीरायाच्या पंचक्रोशीत बळाची उपासना नवी नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण सर्व जण मैदानावरचे दगड वेचायला येऊ या. भाऊ, आपल्या मुलालाही घेऊन या. जायचे ते नंतर जाईल; जाण्यापूर्वी परत येण्याची जागा त्याने स्वतःच्या हातांनी साफ करून जावी.